काहूनकाकू आणि ओवीचा चष्मा

काहूनकाकूंसमोर कुणी "असंच असतं इथे" म्हटलं, की त्या हातातलं काम थांबवायच्या, त्या माणसाकडे नीट बघायच्या आणि विचारायच्या, "काहून?" आवाज चढवायच्या नाहीत. पण त्यानंतर समोरच्याला एक तर खरं कारण सांगावं लागायचं, नाहीतर विषय बदलावा लागायचा. बहुतेक जण विषय बदलायचे.

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये मराठी घरं बरीच होती आणि त्यातली बहुतेक पुण्या-मुंबईची. त्यांच्या कानांना 'का'ऐवजी येणारा हा नागपुरी 'काहून' मोठा गमतीचा वाटायचा. त्यावरून कुणीतरी हे नाव पाडलं आणि पाठीमागे सगळे तेच म्हणायला लागले. मी आणि माझी धाकटी बहीण ओवी, आम्हीही तेच म्हणायचो, पण तोंडावर. ओवीने पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता. काकू म्हणाल्या, "म्हणू द्या. माझं काम बरोबर सांगून राहिली पोरगी."

त्यांची आमची ओळख डाळीवरून झाली. बाबा एका भारतीय हॉटेलात कुक आहेत. एका रविवारी डाळीची वाटी किचनमध्ये परत आली आणि वेटर म्हणाला, बाहेर एक बाई ही कुणी केली ते विचारताहेत. बाबा हात पुसत बाहेर गेले. डाळीत एवढी साखर काहून, असं काकूंनी विचारलं. बाबा म्हणाले, मालकांनी सांगितलंय, गिऱ्हाइकांना तशी आवडते. "मग मी कोण आहे?" काकू म्हणाल्या. बाबांनी आत जाऊन लसणाची खरपूस फोडणी दिलेली, आपण घरी करतो तशी डाळ करून आणली. काकूंनी ती चाटूनपुसून खाल्ली आणि मालकाला बोलावून सांगितलं, की या माणसाला त्याच्या मनाने रांधू देत जा. मालकाने अर्थातच ऐकलं नाही. पण आपल्या बाजूने कुणीतरी मालकाशी बोललं, हे बाबांनी घरी येऊन आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. पुढच्याच आठवड्यात कळलं, की त्या आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतात.

काकू एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होत्या. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, हाच त्यांचा धंदा. त्या म्हणायच्या, "सगळं बरोबर चाललंय असं जिथे सांगतात ना, तिथे मी आधी जाऊन बघते." हे त्या ऑफिसपुरतं ठेवत नव्हत्या, हीच लोकांची तक्रार होती. ग्रोसरीतलं आंबलेलं पनीर, पार्किंगमधला बंद दिवा, मराठी मंडळाच्या जेवणात लहान मुलांना सगळ्यात शेवटी वाढायची पद्धत, सगळीकडे त्यांचं चालू असायचं. कधीकधी त्यांचं चुकायचंही. एकदा त्यांनी मेंटेनन्सच्या माणसाला अर्धा तास फैलावर घेतलं आणि मग कळलं की तो शेजारच्या कॉम्प्लेक्सचा आहे. त्यांनी त्याला सॉरी म्हटलं, चहा पाजला आणि त्याच्या कॉम्प्लेक्समध्ये काय बिघडलेलं आहे तेही विचारून घेतलं.

त्या एकट्या राहायच्या. त्यामुळे लोकांना दोन विषय मिळाले होते, एक त्यांचं तोंड आणि दुसरं त्यांचं घर. तिसरा विषय कुणी उघड बोलायचं नाही. त्यांचं आडनाव ऐकल्यावर काही जण क्षणभर थांबायचे आणि मग विचारायचे, "म्हणजे नागपुरात नक्की कुठल्या?" काकू शांतपणे वस्तीचं नाव सांगायच्या, वर म्हणायच्या, "अजून काही पाहिजे का? की समजलं?" मी तेव्हा हायस्कूलमध्ये होते. त्या प्रश्नात काय आहे ते मला उशिरा कळलं आणि कळलं तेव्हापासून त्या माणसांशी मला हसून बोलता येत नाही.

आता ओवीचं सांगते. ती तिसरीत होती. वर्गात लक्ष नसतं, असं म्हणून टीचरने तिला वाचनाच्या मागच्या गटात टाकलं होतं. मग शाळेच्या नर्सने सगळ्यांचे डोळे तपासले आणि घरी फोन केला की हिला लांबचं नीट दिसत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. फोन मीच घेतला. आमच्या घरात इंग्रजीतले सगळे फोन मीच घ्यायचे. आईचं इंग्रजी चार वाक्यांत संपतं, बाबा आठवड्यातले सहा दिवस कामावर. शाळा, दवाखाना, बँक जे सांगतील ते आईला मराठीत सांगायचं आणि आईचं "बरं" त्यांना इंग्रजीत सांगायचं, एवढंच मला येत होतं. मोठ्या माणसांना उलटा प्रश्न विचारायचा असतो हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. कॉलेज तर सोडाच, आईबाबांची शाळाही पुरी झाली नव्हती.

आईने मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, लहान मुलीचे डोळे कुणाला दाखवू. लगेच उत्तरं आली आणि सगळ्यांचं नाव एकच. इंडियन ग्रोसरीच्या शेजारचा डॉक्टर. आपलाच माणूस आहे, पटकन होतं, चष्मा तिथेच मिळतो. डॉक्टर कसा आहे, मुलांना कसं तपासतो, याबद्दल एकानेही एक अक्षर लिहिलं नव्हतं. आम्हाला मात्र हायसं वाटलं. एवढे शिकलेले लोक एकच नाव सांगताहेत म्हटल्यावर आणखी काय बघायचं?

निघताना आईने ओवीचे केस विंचरले आणि सांगितलं, नीट उत्तरं दे हं, चुकू नकोस. पुढे चष्म्यांची दुकानासारखी मांडणी आणि मागे काळोखी खोली. आम्ही बाहेर बसलो, ओवी आत गेली आणि बसतो न बसतो तोच बाहेर आली. नंबर लागला होता. गुलाबी फ्रेमचा चष्मा आला. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

चष्मा लावून ओवीचं डोकं दुखायला लागलं. वाचताना ती तो काढून ठेवायची. लांबचं बघताना डोळे बारीक करायची. काही महिन्यांनी पुन्हा नेलं, तर नंबर बराच वाढलेला. डॉक्टर म्हणाला, होतं असं मुलांचं. मग लोकांनी आईला धरलं. मोबाइल देत असाल. गाजर देत नाही का? दूध पीत नाही का? मुलीची जात आहे, आत्तापासून एवढा नंबर म्हणजे पुढे अवघड. आई घरी येऊन गॅससमोर उभी राहायची आणि मला हळूच विचारायची, "हिचे डोळे जाणार नाहीत ना गं?" डॉक्टर निवडून देणारे हेच लोक होते, आणि दोष शोधत होते आईच्या स्वयंपाकघरात. याचा राग मला तेव्हा आला नाही. आता येतो आणि जात नाही.

तिसऱ्यांदा जायचं होतं तेव्हा बाबांना सुट्टी मिळेना. आईला ड्राइव्ह करता येत नाही. काकू म्हणाल्या, चला, मी नेते. आणि गेल्यावर त्या बाहेर बसल्या नाहीत. मुलीसोबत कुणी आत नसतं, असं रिसेप्शनवरची बाई म्हणाली. काकूंनी त्यांचा तो प्रश्न इंग्रजीत विचारला. ती कारण शोधेपर्यंत त्या आईला आणि मला घेऊन सरळ आत गेल्या.

खोलीत अंधार होता. ओवीच्या तोंडासमोर ते भिंगांचं मोठं यंत्र. डॉक्टर काचा बदलत विचारत होता. व्हिच इज बेटर, वन ऑर टू? ओवी म्हणाली, वन. थ्री ऑर फोर? थ्री. फाइव्ह ऑर सिक्स? फाइव्ह. तो विचारत होता आणि ती ताडताड उत्तरं देत होती. आईच्या चेहऱ्यावर, मला आठवतं, थोडा अभिमान होता. पोरगी अडखळत नव्हती. काकू मात्र खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी गाडी सुरूच केली नाही. मागे वळून ओवीला विचारलं, "बेटा, प्रत्येक वेळी तू पहिलंच का सांगितलं?"

ओवीला प्रश्नच विचित्र वाटला. "बिकॉज फर्स्ट नंबर इज बेस्ट," ती म्हणाली. "आई सेज."

"पण दिसत कसं होतं?"

"सेम. ऑल सेम, ऑलमोस्ट. बट ही सेड व्हिच इज बेटर." मग आईकडे बघून तिने मराठीत विचारलं, "मी एकपण चुकले नाही ना?"

आमच्या घरात ओवी शाळेतून आली की आई विचारायची, पहिला नंबर आला का. स्पेलिंगमध्ये, धावण्यात, चित्रात. पहिला चांगला, दुसरा त्याच्यापेक्षा कमी. आणि डॉक्टरकडेही आम्ही सारखं नंबर, नंबरच म्हणत होतो. नंबर किती आला, नंबर वाढला, नंबर कमी यायला हवा होता. आठ वर्षांच्या मुलीने त्या अंधाऱ्या खोलीत परीक्षा दिली होती. तीनही वेळा दिली होती आणि पूर्ण मार्कांनी पास झाली होती. तिच्या नाकावर बसला होता तो चष्मा त्या मार्कांचा होता.

आई रडायला लागली. माझंच चुकलं, असं म्हणायला लागली. काकूंनी तिला तिथल्या तिथे थांबवलं. "वहिनी, रडू नका. पोरीनं चूक नाही केली, तुम्हीही नाही केली. ज्यानं विचारलं त्याचं काम होतं हे ओळखणं. सारखी पहिलीच काच सांगून राहिली, अन् याच्या लक्षात नाही आलं? माझ्याकडे एखाद्या टेस्टचं उत्तर दर वेळी सारखंच आलं न, तर मी आधी टेस्टच फेकते." मग त्या गाडीतून उतरल्या. आम्हीही उतरलो.

डॉक्टर पुढच्या पेशंटच्या गडबडीत होता. त्याने आधी विचारलं, तुम्ही मुलीची आई आहात का? नाही, तर मी तुमच्याशी बोलू शकत नाही. काकू म्हणाल्या, बरोबर आहे, आईशी बोला. आणि आईला पुढे केलं, मला तिच्या शेजारी उभं केलं. मी सांगितलं की बहीण अंदाजाने उत्तरं देत होती. तो म्हणाला, लहान मुलांचं असंच असतं, मी तिच्या उत्तरांवरूनच नंबर काढणार ना. डोळ्यांत थेंब टाकून का तपासलं नाही, असं काकूंनी मागून विचारलं. तो म्हणाला, वेळ लागतो, मुलं रडतात, लोकांना आवडत नाही. काकूंनी तेव्हा मराठीत एकच वाक्य म्हटलं आणि ते मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. "तुम्ही तिची उत्तरं तपासली, तिचे डोळे नाही तपासले." तो अतिशय सभ्यपणे म्हणाला, तुम्ही दुसऱ्या कुणाचं मत घ्यायला मोकळे आहात. वेळ नव्हता त्याला. आणि लोकांना काय आवडतं याची त्याला एवढी काळजी होती, तर आमच्यापैकी कुणाला काय आवडेल हे त्याने कधी विचारलं होतं?

मराठीत आपण डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो आणि संपलं. काकूंमुळे मला पहिल्यांदा कळलं की इथे चष्मा बनवून देणारा वेगळा, नंबर काढणारा वेगळा, डोळ्यांचे आजार बघून ऑपरेशन करणारा वेगळा, आणि त्यातही मुलांचे डोळे बघायला वेगळं शिकलेले लोक असतात. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ग्रुपवरच्या लोकांना तरी माहीत होतं का, कोण जाणे. काकूंनाही आधी माहीत नव्हतं, तसं त्या स्पष्ट म्हणाल्या. त्यांनी ते शोधून काढलं, आणि शोधताना मला शेजारी बसवलं.

शनिवारी आमच्या डायनिंग टेबलावर फोन स्पीकरवर ठेवून त्या एकेका ठिकाणी फोन लावायच्या. इन्शुरन्स चालतो का, अपॉइंटमेंट कधी, हे सगळे विचारतात. त्या आधी विचारायच्या, मूल अंदाजाने उत्तर देत असेल तर तुम्ही काय करता? एका ठिकाणची बाई हसली. दुसरीकडे म्हणाले, मुलांचं आम्ही पटकन उरकतो. एके ठिकाणी त्यांनी आम्हाला होल्डवर ठेवलं ते ठेवलंच. मला लाज वाटत होती. एवढं विचारलं तर आपल्याला कुणी घेणारच नाही, असं मला वाटत होतं. शेवटी एका बाईने शांतपणे सांगितलं की आमच्याकडे आधी मुलाला काही विचारतच नाहीत. थेंब टाकून बाहुल्या मोठ्या करतात, डॉक्टर डोळ्यांत उजेड पाडून स्वतः मोजते, आणि नंतर मुलाशी बोलते. काकूंनी फोनकडे बघून मान डोलावली. ते क्लिनिक लांब होतं, तारीखही लांबची मिळाली. आई म्हणाली, एवढे दिवस थांबायचं? काकू म्हणाल्या, "चुकीच्या माणसाकडे तीनदा गेलो तेव्हा नाही मोजले दिवस."

त्या मधल्या काळात मंडळाचा एक कार्यक्रम झाला. ग्रोसरीशेजारचा डॉक्टर मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याचा मेहुणा निघाला. कुणीतरी त्यांच्यापर्यंत सगळं पोहोचवलं होतं. जेवणाच्या रांगेत एक कोथरूडच्या काकू मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, की काही लोकांना स्वतःचं मूलबाळ नाही, म्हणून दुसऱ्यांच्या पोरांच्या डोळ्यांत डोकावत बसतात. मग त्यांनी हात कमरेवर ठेवून "काहून, काहून" अशी नक्कलही केली. लोक हसले. चांगले शिकलेले, मोठ्या कंपन्यांत असलेले लोक हसले. आमच्या काकू ताट घेऊन मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हेल बरोबर नाही जमला तुम्हाला. 'हू' जरा लांबवा." पुन्हा लोक हसले, पण या वेळी थोडे वेगळे. काकूंनी ताट तसंच ठेवलं आणि त्या घरी गेल्या. त्यांच्या पाठोपाठ आई निघाली. आईला मी कधीच कुठल्या कार्यक्रमातून न जेवता निघताना पाहिलं नव्हतं.

क्लिनिकमध्ये ओवीने थेंबांना जो विरोध केला तो सगळ्या मजल्याने ऐकला असेल. थेंब झोंबतात, हे डॉक्टरीणबाईंनी तिला आधीच खरं सांगितलं. मग बाहुल्या मोठ्या होईपर्यंत आम्ही बाहेर बसलो. ओवीला जवळचं धूसर दिसायला लागलं म्हणून ती काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तेव्हा काकूंनी, मी काही न विचारता, सांगितलं.

"आमच्या शाळेत मला मागे बसवत. तिथून फळ्यावरचं काही दिसत नसे. माझ्या डोळ्यांना नंबर होता, अन् गुरुजी म्हणत, हिला डोकं नाही. दहावीत चष्मा लागला. तवर मलाही वाटे, नसेलच डोकं."

मागे काहून बसवत होते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एव्हाना मला ते ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई स्टूल खाली करून ओवीच्या उंचीला बसल्या. आधी स्वतः मोजलं. मग काचा दाखवताना ओवीला म्हणाल्या, दोन्ही सारखं दिसलं तर सारखं म्हण, आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हण, इथे बरोबर उत्तर नसतं. ओवीने आईकडे बघितलं. आईने मान डोलावली. मग ती बऱ्याच वेळा, अगदी हळू, "सेम" म्हणाली. प्रत्येक वेळी ते म्हणताना तिला थोडं धाडस करावं लागत होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

खरा नंबर चष्म्यापेक्षा पुष्कळच कमी निघाला. एवढे महिने ती गरजेपेक्षा जास्त पॉवरच्या काचा घालून फिरत होती, डोकं त्यानेच दुखत होतं. पण नंबर होता आणि वयाबरोबर वाढणार होता. तो फार भरभर वाढू नये म्हणून उन्हात खेळायला पाठवायचं, रोज झोपताना एक औषधाचा थेंब टाकायचा आणि ठरलेल्या वेळी न चुकता तपासायला यायचं. काकूंनी यातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांचा प्रश्न विचारला आणि डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. एकाला तर त्या म्हणाल्या, हे नक्की कुणालाच माहीत नाही. बाहेर आल्यावर आई काकूंचा हात धरून उभी राहिली. मला वाटलं, आता काकू खूश होतील. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या वेळी बघू."

नव्या चष्म्यानंतर ओवी वाचनात वरच्या गटात गेली. टीचर म्हणाली, आता लक्ष देते ही. काकूंना हे सांगितल्यावर त्या एवढ्या चिडल्या की ओवी घाबरली. लक्ष ती आधीही देत होती, असं शाळेला लिहून कळवायला त्यांनी मला लावलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली तक्रार. शाळेचं उत्तर आलं नाही, पण पुढच्या मीटिंगमध्ये टीचर ओवीबद्दल जरा जपून बोलली.

आणि मग ग्रुपवरच्या लोकांचे आईला एकेकटे मेसेज यायला लागले. ताई, ते मुलांचं क्लिनिक कुठलं हो? आमच्या आरवचाही नंबर वाढतोय. ग्रुपवर नका टाकू, मला पाठवा. कोथरूडच्या काकूंचाही आला. मला त्यांना काहीही पाठवायचं नव्हतं. मी तसं काहूनकाकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "देऊन टाक. पोरांनी काय केलं?" मी दिलं. एकानेही काकूंचं नाव घेऊन आभार मानले नाहीत.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा काकूंच्या कंपनीने माणसं काढली. व्हिसावरच्या माणसाला मग फार दिवस मिळत नाहीत. दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. इतकी वर्षं इथे राहिलेल्या बाईला दोन महिन्यांत सांगतात, की आता आवरा. त्यांनी पुष्कळ इंटरव्ह्यू दिले. एका ठिकाणी म्हणे त्यांना सांगितलं, तुम्ही फार प्रश्न विचारता. टेस्टरला.

सामान काढायचं आहे, असं त्यांनी ग्रुपवर टाकलं आणि ज्यांनी वर्षभर त्यांच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं ती माणसं सोफा बघायला आली. कुणी कुंड्या नेल्या, कुणी मिक्सर. निरोपाचं जेवण ठेवू या, असं एकाच्याही मनात आलं नाही. यावर मी ग्रुपवर काहीतरी लिहायला घेतलं होतं. काकूंनी फोन काढून घेतला आणि म्हणाल्या, ओवीची तपासणी या गुरुवारी आहे, ते लक्षात ठेव. आपल्या जाण्याच्या आठवड्यात, अर्धं घर खोक्यांत असताना, त्या आम्हाला क्लिनिकला घेऊन गेल्या. नंबर जागच्या जागी होता. बाबांनी अर्धा दिवस रजा घेतली आणि त्यांना एअरपोर्टला सोडलं. वाटेत खायला म्हणून डबा दिला होता. आत जाताना काकू त्यातलं काय कशाबरोबर खायचं ते विचारत होत्या, आणि बाबा पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.

आता मीच गाडी चालवते आणि ओवीला नेते. मागच्या महिन्यात नेलं तेव्हा नंबर थोडा वाढला होता. घरी आल्यावर मी नागपूरला फोन लावला आणि सांगायला लागले, की डॉक्टर म्हणाल्या. काकूंनी मला तिथेच अडवलं.

"डॉक्टर काय म्हणाली ते मागून सांग. तू काय विचारलं ते आधी सांग."

मी सांगितलं. थेंब चालू असूनही का वाढला, असं विचारलं. या वयात वाढतो, एवढी वाढ कमीच समजायची, असं त्या म्हणाल्या. औषध थोडं वाढवता येतं का, असंही विचारलं, तर म्हणाल्या, पुढच्या तपासणीला ठरवू. मला वाटलं होतं, माझे दोन्ही प्रश्न चांगले होते.

"आत्ता न ठरवता पुढच्या वेळेपर्यंत काहून थांबायचं? त्याचं कारण असेल, नाही असं नाही. पण ते कोणतं?"

मला माहीत नव्हतं. विचारते, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोन लेक्चरच्या मध्ये मी कॉलेजच्या जिन्यात बसून क्लिनिकला फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, डॉक्टर पेशंट बघताहेत, मेसेज ठेवा, जमलं तर त्या फोन करतील. मी म्हटलं, मी होल्डवर थांबते. तिला बहुधा वाटलं, मी थोड्या वेळाने कंटाळेन. वर लेक्चर सुरू झाल्याचं ऐकू आलं. मध्ये एकदा ती परत लाइनवर आली आणि तिने विचारलं, तुम्ही अजून आहात का?

आहे, म्हणाले.